उचलली लिफ्ट, लावली बांधाला

देशावरचा शेतकरी एकदा नांगर जमिनीत घालतो तो चहाच्या वेळेलाच बाहेर काढतो. आमच्या बदलापूरकडे तसली चैन नाही. मुळगाव सोडून बारवी धरणाकडे निघालं की लागणारी भातखाचरं इतकी लहान, की रोटाव्हेटर खाली टाकून वेग घ्यावा तर बांध समोर हजर. मग उचल, वळव, टाक, की पुन्हा बांध. चिखलणीत मिनी ट्रॅक्टरचं इंजिन दमत नाही इतकी अवजार उचलणारी त्याची लिफ्ट दमते. कागदावर ती ७५० किलो उचलते. कागदावर आमची लोकलही वेळेवर असते.

ऐन आवणीच्या तोंडावर आमच्या आबांच्या ट्रॅक्टरची लिफ्ट डुलक्या घ्यायला लागली. रोटाव्हेटर वर जाई, हळूहळू खाली कलंडे आणि मग दचकून परत वर. कीर्तनात पुढच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. इंजिन बंद केलं की दचकणंही नाही. सरळ खाली बसून मोकळा.

आमच्या पट्ट्यात घरटी एक जण तरी एमआयडीसीत नाहीतर अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लागलेला असतो. त्यामुळे बिघाडाचं निदान करायला माणूस शोधावा लागत नाही, आवरावा लागतो. बांधावर एकमत झालं: पंप गेला. सगळ्यांत महागाचा भाग गेला असं सांगितलं की सांगणाऱ्याचं वजन वाढतं. एकानं त्याहून पुढे जाऊन ट्रॅक्टरच विकायचा सल्ला दिला. गिऱ्हाईक म्हणे त्याच्याच पाहण्यात होतं.

मिस्त्री आले ते कुणाशी बोललेच नाहीत. आधी काडी काढून तेल बघितलं. पातळी बरोबर, तेल दुधाळ नाही, म्हणजे चिखलातलं पाणी आत शिरलेलं नाही. मग जाळी काढून बघितली. ती तुंबली की पंपाला तेल पोचत नाही आणि लिफ्ट कण्हायला लागते. जाळी साफ होती.

“पंप गेला असता तर वर गेली असती का?” त्यांनी विचारलं. बांध गप्प. “जाते ना वर? मग त्याला कशाला शिव्या देता? टिकत नाय म्हणजे तेल आतल्या आत पळतंय. पिस्टनच्या रिंगेतून, नाय तर व्हॉल्व्हातून.”

ट्रॅक्टरच्या लिफ्टमध्ये तेल वर ढकलण्यापुरतं. खाली यायचं काम अवजाराच्या वजनाचं. पोझिशन कंट्रोलचा दांडा जिथे ठेवाल तिथे अवजार राहायला हवं. तेल पळालं की ते खचतं, व्हॉल्व्हला चुकल्याचुकल्यासारखं होतं आणि पंप चालू असेल तर ते परत उचललं जातं. डुलक्यांचं शास्त्र एवढंच.

मग मिस्त्रींनी रोटाव्हेटर पुरता वर घेतला, लिफ्टच्या दांडीवर खडूची रेघ ओढली आणि इंजिन बंद केलं. “खाली कोणी हात घालायचा नाय,” असं बजावून स्वतः बिडी पेटवली. आम्ही सगळे रेघेकडे बघत बसलो. ती हलताना दिसत नव्हती, पण नजर काढून परत लावली की खाली आलेली असे. पावसाची सर आली तरी कोणी उठलं नाही. बिडी संपायच्या आत रोटाव्हेटर चिखलात टेकला.

अवजार धरून उचलणारी ही तीन दांड्यांची करामत हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश गृहस्थाची. अवजार मागे ओढत नेण्याऐवजी ट्रॅक्टरलाच जखडावं आणि तेलाच्या दाबानं हलवावं, असं त्याच्या डोक्यात आलं. १९३८ साली त्यानं हेन्री फोर्डशी नुसत्या हातमिळवणीवर करार केला. पुढे फोर्डच्या नातवानं तो मोडला, कोर्टकज्जा झाला आणि १९५२ साली फर्ग्युसनला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. हे ऐकून आबांनी एवढंच विचारलं, “चौदा वर्षांत मिटलंसुद्धा?” आमचा बांधाचा दावा त्याहून जुना आहे.

सीट उतरली, लिफ्टचं कव्हर चौघांनी बांबूला साखळी लावून उचललं. पिस्टन बाहेर आला तेव्हा अंबरनाथहून आबांचे मेव्हणे व्हर्नियर कॅलिपर घेऊन हजर. लेथवर आयुष्य गेलेला माणूस. रिंग बघायच्या आधीच म्हणाले, नवा पिस्टन टर्न करून देतो. शेवटी, ज्या गावानं १०६० साली हायड्रॉलिकशिवाय एवढाले दगड चढवून शिवमंदिर बांधलं, त्या गावच्या माणसाला रबराची रिंग बदलणं म्हणजे काम वाटणार कसं?

रिंगेसाठी मी उल्हासनगरला निघालो. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीचं शहर झालं, तरी पत्ता अजून कॅम्प नंबरानंच सांगतात. बांधावरून बजावणं झालंच: “उल्हासनगरचा माल, बघून घे.” ऑइल सीलच्या दुकानातल्या सिंधी काकांनी ट्रॅक्टर कुठला हे विचारलंच नाही. “जुनी दाखव.” चिमटीत फिरवली, उजेडाला धरली. “ही ओ-रिंग होती. आता डी-रिंग झाली.” खरंच, एका बाजूनं दबून सपाट. मी स्वस्तातली मागितली तर म्हणाले, “देतो की. पण ती पाण्याच्या नळाची, तेलात फुगेल. आठ दिवसांनी परत येशील आणि माझ्या शहराला नावं ठेवशील.” तेलात टिकणारी नायट्राइल रबराची रिंग त्यांनी वहीच्या कागदात बांधून दिली.

जोडणी झाली, इंजिन सुरू झालं, रोटाव्हेटर झोकात वर गेला. इंजिन बंद, खडूची रेघ जागची हलेना. आबांनी नारळ फोडला आणि दांडा खाली केला. रोटाव्हेटर वरच.

खोबरं खाता खाता बांधानं निदान सुरू केलं. रिंग डुप्लिकेट. पिस्टन अडकला. मेव्हण्यांनी कॅलिपर उघडला. एकजण म्हणाला, पंपच, मी म्हटलंच होतं.

आबांची शाळकरी नात सीटखाली वाकली. “आजोबा, हा नॉब कोणी आवळला?” खाली येण्याचा वेग ठरवणारा तो नॉब; पुरता आवळला की तेलाची परतीची वाटच बंद. तिनं तो सोडला, तसा रोटाव्हेटर सावकाश खाली उतरला.

मिस्त्रींनी पान्हे गोळा केले. नॉब कोणी आवळला याची चौकशी करायला कोणी थांबलं नाही, कारण एव्हाना शेजारच्या खाचरवाल्यांचं भांडण जुंपलं होतं, ट्रॅक्टर आधी कोणाकडे न्यायचा यावर.