नुसता रस्सा तरी घे

कोल्हापुरात मटण न खायला बंदी नाही. फक्त कारण लागतं, आणि ते वरून आलेलं असावं लागतं. गळ्यात तुळशीची माळ असेल तर विषयच मिटला. लोक उलट पाया पडतात. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, त्या दिवशी कुणी कुणाला विचारत नाही. डॉक्टरांनी युरिक ॲसिडचा आकडा दाखवून दम दिला असेल तर सहानुभूतीसुद्धा मिळते, 'पथ्य संपलं की बसू' या बोलीवर. पण देव नाही, डॉक्टर नाही, नवस नाही, आणि भरल्या पंगतीत एखादा धडधाकट गडी 'मला नको' म्हणाला, तर वाढणाऱ्याची पळी हवेतच थांबते. आमच्या भावकीत ती पळी माझ्यापाशी थांबते.

माझं कारण अगदीच फुसकं आहे. मला ते आवडत नाही, बस. बोकडाचा कळवळा म्हणावा तर माझ्या पायात कातडी कोल्हापुरी चप्पल असते. मामा ती उंबऱ्याबाहेरून उचलून आणतात, चारचौघांत उलटी करून दाखवतात आणि विचारतात, "ही काय भेंडीची केलीया व्हय रं?" याला माझ्याकडे उत्तर नाही. धर्माचं म्हणावं तर मी कांदा-लसणावर जगतो, त्यामुळे जैन मित्रांच्या पंगतीतही माझी जागा कच्चीच. 2014 च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातले शंभरातले साधारण चाळीस लोक शाकाहारी निघाले होते. हे चाळीस जण राहतात तरी कुठे, हे मला एकदा बघायचंय. आमच्या म्हाईच्या जेवणावळीला शंभर पानं उठतात, त्यात हिरवं पान एकच असतं.

खरी गंमत अशी की आमचं घर मुळात मांसाहारी म्हणावं असं नाहीच. आठवड्यातले तीन वार देवांनी घेतलेत. त्यात दोन एकादश्या, संकष्टी, अख्खा श्रावण, नवरात्र, गणपतीचे दिवस, कुणाचा तरी गुरुचरित्राचा सप्ताह. हिशोब मांडला तर मामा निम्म्याहून अधिक वर्ष वरण-भातावर असतात. पण ते त्याला 'पाळणं' म्हणतात. सोमवारी त्यांच्यासमोर नुसतं अंडं आलं तरी असा चेहरा करतात की साक्षात नंदी. आणि बुधवारी सकाळी दुकानापुढच्या रांगेत पहिला नंबर त्यांचा, "मांडीचं दे, आणि नळी मोडू नगं" असं खाटकाला बजावत. मी सगळे वार पाळतो, तर मी विक्षिप्त!

मामा तरुणपणी तालमीत जायचे, त्यामुळे माझ्या आहाराचा संबंध ते थेट कुस्तीशी जोडतात. "पालेभाजीवर कोण चितपट करतंय?" एकदा मी त्यांना सांगितलं की दिल्लीचे गुरू हनुमान, ज्यांच्या आखाड्यातून एवढे मोठे मल्ल निघाले, ते स्वतः शाकाहारी होते. मामांनी दोन मिनिटं मिशीवरून हात फिरवला. "असतील. पर त्येंची माती येगळी." मग त्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. "आन् गांधीजी? गांधीजींनी खाल्लं हुतं बोकडाचं!" खाल्लं होतं हे खरंच, आत्मचरित्रात त्यांनीच लिहिलंय. पण त्या रात्री पोटात जिवंत बोकड ओरडतोय असं वाटून त्यांना झोप लागली नाही, हेही तिथेच लिहिलंय. तेवढं मामांच्या वाचनातून सुटलं असावं.

मामा समोरून वार करतात, ते परवडलं. खरी भीती आत्याची.

आत्याच्या मते बोकड असतो तो फक्त पिसात. रस्सा ही भाजी. कढईतून पीस बाजूला सारले की उरलं ते शाकाहारी, यावर तिची इतकी गाढ श्रद्धा आहे की तुकोबांनाही विठ्ठलाबद्दल याहून जास्त नसेल. "पीस काढून देते रे बाळ. नुसता रस्सा तरी घे. तोंडाला तरी लाव." मी तिला रश्श्याचा उगम समजावून बघितला. उगम आत्याच्याच हातून झालेला असतो, हा भाग वेगळा. सकाळी मटण धुऊन त्याला हळद, मीठ, आलं-लसूण लागतं, ते आपल्याच पाण्यात शिजायला लागतं, वर झाकणात पाणी ठेवलेलं असतं, आणि तासाभरात भगुल्यात जे पिवळसर, तवंग आलेलं पाणी तयार होतं ती आळणी. ती आळणी आधी वाटीत काढून घरातल्या बाळंतिणीला, मग लहान पोरांना, मग 'जरा मीठ बघा' या निमित्तानं मामांना. उरलेल्या आळणीचे दोन भाग. एकात नारळाचं दूध, खसखस, काजू, तीळ वाटून घातले की पांढरा रस्सा. दुसऱ्यात भाजलेलं खोबरं, कांदा आणि घरची चटणी पडली की तांबडा. म्हणजे पीस ही बोकडाची नुसती सांगाडारूपी आठवण. खरा बोकड दोन रंगांत विरघळून वाट्यांत फिरत असतो. आत्या हे सगळं शांतपणे ऐकते आणि म्हणते, "बरं, मग पांढरा घे. त्यो दुधाचा असतोय."

एका आखाडात तिनं तो मला नारळाची कढी म्हणून दिलाही होता. वाटी तोंडाजवळ नेली, वास आला, मी खाली ठेवली. आत्याला दुःख झालं ते फसवेगिरी उघडी पडल्याचं नव्हे, चांगला वाटीभर पांढरा वाया गेल्याचं. तोही वाया गेला नाही. मामा शेजारीच होते.

आखाड म्हणजे माझा चातुर्मास. पंचगंगेला नवं पाणी येतं, मंगळवारी-शुक्रवारी पी-ढबाक वाजवत ते टेंबलाईच्या देवळाच्या पायऱ्यांवर ओतायला पेठापेठांतून मिरवणुका निघतात, आणि मग गल्लीची यात्रा. मंडळाचे बकरे पडतात, घराघराचे वाटे होतात. आमचा वाटा आणायला न चुकता मला पाठवतात. कारण मी वाटेत कलेजी चाखत नाही आणि 'नळी कुणाकडं गेली' यावरून भांडत नाही. अखिल गल्लीत माझ्याइतका निःपक्षपाती माणूस नाही, हे आता पंचांनीही मान्य केलंय. वाट्यांवरून वाद झाला की मला बोलावणं येतं.

अशा दिवशी माझा स्वयंपाक आजोबांच्या पातेल्यात होतो. आजोबा माळकरी होते. त्यांच्यासाठी जर्मनचं एक छोटं पातेलं वेगळं ठेवलेलं, कानाला लाल सुताची गाठ बांधलेली, चुकून दुसऱ्या भांड्यांत मिसळू नये म्हणून. त्यांच्या काळात मटण घरात शिजतच नसे. परड्यात तीन दगड मांडून तिथे चूल. आजोबा गेले आणि परड्यातली चूल घरात आली. पातेलं बरीच वर्षं माळ्यावर होतं, ते माझ्यासाठी उतरवलं. बुडाला एक पोचा आहे, त्यामुळे ते गॅसवर किंचित डुगडुगतं. त्यात आई बटाट्याचा रस्सा करते, मटणाचाच मसाला, तीच चटणी, तीच खसखस. त्याचा वास सुटला की गर्दी होते. "बघू जरा, कसा झालाय." वहिनी वाटीभर नेते, पोरं भाकरी बुडवून बघतात, मामा 'तोंडाची चव बदलायला' दोन पळ्या घेतात. मी ताटावर बसेपर्यंत तळाशी तीन फोडी उरलेल्या असतात. मग आई हळहळते आणि पिठलं टाकते. मी मटण सोडल्यामुळे बोकडांचं काय भलं झालं ते माहीत नाही, पण पिठल्यावर मात्र माझी संक्रांत आली.

फक्त एकदा घरात माझे दिवस आले होते. 2019 च्या अखेरीला मटणाचे दर चढले, शहरात कृती समिती झाली, बैठका झाल्या, मटणाची दुकानं बंद पडली. मामा रोज पेपर वाचून दाखवायचे. तेव्हा सगळ्यांच्या ताटांत तेच होतं जे माझ्या ताटात. मी भीत भीत म्हटलं, "मामा, मी तर लहानपणापासून बहिष्कारात आहे." त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच जरा आदरानं बघितलं.

लग्न ठरताना स्थळांकडे 'मुलगा निर्व्यसनी' एवढंच कळवा, असं सगळ्यांचं मत पडलं. निर्व्यसनी म्हटलं की मान हलते. मटणही खात नाही म्हटलं की 'आतून काही आजार आहे का' असं वधूपिता मधल्या माणसाला विचारतो. शेवटी सोयरीक जुळली ती रत्नागिरी जिल्ह्यात. मला वाटलं, चला, घाट उतरला, बोकड वर राहिला. बोकड राहिला तेवढ्यापुरता, पण कोकणातली वांग्याची भाजी काय चीज असते हे मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी पहिल्याच मुक्कामी खास माझ्यासाठी वांगं केलं. पहिल्याच घासाला काहीतरी लागलं. "भाजीच आहे हो, जावईबापू," त्या घाईनं म्हणाल्या, "चवीपुरते चार सोडे टाकलेत." त्या घरात वालाच्या बिरड्यात सोडे, भोपळ्यात सुकट, आणि सुकट नसेल त्या दिवशी भाजीला 'आजारी माणसाची' म्हणतात. मासळीला तिथे मांसाहार म्हणणं म्हणजे पावसाला दुष्काळ म्हणण्यासारखं.

मग गौरी-गणपती आले. आमच्या घाटावर गौरीला भाजी-भाकरी आणि पुरणपोळी. सासुरवाडीला गेल्यावर मला कळलं की त्यांच्या गौरीला पूजेच्या दिवशी तिखटाचा नैवेद्य असतो, मटण आणि वडे. माहेरवाशीण घरी आलीय, तिला काय वरण-भात वाढायचा? पण शेजारीच मखरात गणपती, आणि तो पक्का शाकाहारी. यावर त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा तोडगा आहे: नैवेद्याच्या वेळी गणपतीपुढे पडदा. सासूबाईंची जुनी जरीकाठी साडी, दोन खिळ्यांना बांधलेली. मी ती व्यवस्था बघतच राहिलो. देवांच्या घरातसुद्धा एकाला चालतं आणि एकाला चालत नाही, आणि त्यावर कुणी कुणाच्या चपला उलट्या करून बघत नाही.

पानं मांडायची वेळ आली तेव्हा सासऱ्यांनी एक क्षण विचार केला, माझा पाट उचलला आणि पडद्याच्या आत नेऊन ठेवला.

आत आम्ही दोघंच. समई, धूप, वरण-भात, अळूचं फदफदं (सासूबाईंनी स्वतः पळी फिरवून आत सोडा नसल्याची खात्री करून दिलेलं), आणि उकडीच्या मोदकांचं अख्खं ताट. बाहेर नळ्या फोडल्याचे आवाज, वड्यांची मागणी, सोलकढीचे भुरके. मी तुपाची धार धरून एकेक मोदक उचलत होतो. नीट, सावकाश, कुणी 'बघू जरा कसा झालाय' म्हणून हात घालत नाही, हे सुख आयुष्यात पहिल्यांदाच. तिखट खाल्लेल्या हातांनी पडद्याच्या आत यायला कुणाला परवानगी नव्हती ना!

थोड्या वेळानं साडीचा काठ हलला. खालून आधी मेव्हण्याच्या पोराचं नाक, मग मेव्हण्याची ताटली, आणि मग खुद्द सासऱ्यांचा आवाज, "जावईबापू, आतल्या बाजूला मोदक किती उरलेत?"

तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून कडाडल्या, "त्यांचे मोदक त्यांना राहू देत. तुम्ही सगळे जेवलात, सकाळपासून पोटात काही नाही त्यांच्या!"