बॅकअप आहे? मग परत आणून दाखवा

१४ डिसेंबर २०२१. जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकाला जोडलेल्या स्टोरेजमधून संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास फाइली पुसल्या जायला लागल्या. १६ तारखेच्या दुपारपर्यंत त्या पुसल्या जातच होत्या. ७७ टेराबाइट डेटा उडाला. सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली, १४ संशोधन गटांच्या. त्यातल्या ४ गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत आणता आला नाही.

व्हायरस नव्हता, आग नव्हती, डिस्क बिघडली नव्हती. फाइली पुसल्या त्या बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टनं. आणि तिला पुसायला लावलं एका अपडेटनं.

त्या स्क्रिप्टमध्ये एक किरकोळ काम होतं: दहा दिवसांपेक्षा जुन्या लॉग फाइली काढून टाकणं. यंत्रणा पुरवणाऱ्या ह्युलेट पॅकार्डच्या जपानी कंपनीनं ती स्क्रिप्ट सुधारली. वाचायला सोपी व्हावी म्हणून आतली नावं बदलली. हेतू चांगला, बदल साधा. मग ही नवी स्क्रिप्ट जुन्या स्क्रिप्टवर चढवली, आणि नेमकी तेव्हा जुनी चालू होती.

इथं बॅशची, म्हणजे अशा स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, एक सवय ठाऊक असावी लागते. बॅश स्क्रिप्ट आधी पूर्ण वाचून घेत नाही. जसजसं काम पुढं सरकतं तसतशी वाचतो. पारायण चालू असताना कुणी पुढची पानं बदलून ठेवली, तर वाचणारा अर्ध्यावरून दुसरीच पोथी म्हणायला लागेल. इथं तेच झालं. जुन्या स्क्रिप्टच्या मध्यावर असलेला बॅश पुढं नव्या स्क्रिप्टमधलं वाचू लागला. नव्या नावांमध्ये काय भरायचं ते बॅशला मिळालंच नव्हतं. नावं रिकामी राहिली, पुसण्याचा हुकूम मात्र सुटला. लॉगच्या फोल्डरऐवजी तो थेट संशोधकांच्या साठ्यावर चालला.

दहा दिवसांची अट मात्र शाबूत होती. त्यामुळे ज्यांना ३ डिसेंबरनंतर हात लागला होता त्या फाइली वाचल्या, आणि ज्यांचं काम पुरं करून लोकांनी निर्धास्तपणे बाजूला ठेवलं होतं त्या गेल्या. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

हे टाळता येत नव्हतं का? सहज येत होतं. नवी फाइल वेगळ्या नावानं आणून ठेवायची आणि मग नावांची अदलाबदल करायची. चालू असलेलं काम जुन्याच फाइलवर पुरं होतं. शिवाय ‘रिकामं नाव दिसलं की तिथंच थांब’ असं बॅशला बजावणारी एक ओळ असते. दोन्ही गोष्टी युनिक्सवाल्यांना कित्येक दशकं माहीत आहेत. कंपनीनं शंभर टक्के जबाबदारी आपली, असं लेखी कबूल केलं. त्या कबुलीचा मी आदर करतो. पण चार गटांचा डेटा त्या पत्रानं परत आला नाही. आपल्या पुण्यात आयसरमध्येही ‘परम ब्रह्म’ महासंगणक आहे. अशा यंत्रावर दिवसरात्र गणितं चालवणाऱ्या पीएचडीच्या पोरांना विचारा, एक निकाल पुन्हा काढणं म्हणजे काय असतं.

यानंतर क्योटो विद्यापीठानं ठरवलं, की नुसती आरशासारखी हुबेहूब प्रत ठेवून भागणार नाही. ठरावीक काळात झालेले बदलही वेगळे जपून ठेवायचे. हा मुद्दा आपल्याकडच्या प्रत्येक ऑफिसच्या भिंतीवर लावावा असा आहे. हुबेहूब प्रतीत तुमची चूकही हुबेहूब उतरते. इकडे फाइल पुसली की थोड्या वेळानं तिकडचीही पुसली जाते. रेडचं, म्हणजे अनेक डिस्का एकत्र जोडण्याच्या व्यवस्थेचं, तर त्याहून पक्कं: एक डिस्क मेली तर ती व्यवस्था तुम्हाला तारते, पण तुम्हीच फाइल पुसलीत तर ती सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी जाते. चार डिस्कांचा डबा घेतला म्हणून बॅकअप झाला, असं ग्राहकाला सांगणारा विक्रेता त्याला सरळसरळ फसवतो.

दुसरं उदाहरण प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या साइटचं. ३१ जानेवारी २०१७ ची रात्र. डेटाबेसची दुय्यम प्रत मुख्य प्रतीच्या मागं पडली होती. ती नव्यानं भरून घ्यायची म्हणून एका अभियंत्यानं तिथलं फोल्डर पुसलं. हुकूम गेला तो मुख्य सर्व्हरवर. सेकंद-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, पण तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. दोन्ही मशीनच्या नावांत एका आकड्याचा फरक होता.

मला त्या अभियंत्याच्या चुकीत रस नाही. रात्री उशिरा थकलेला कोणीही ती करील. खरी भयानक गोष्ट पुढं उघड झाली. बॅकअप आणि प्रतींच्या पाच पद्धती असूनही वेळेला एकही धड कामाला येईना. डेटाबेसची रोजची प्रत, म्हणजे डंप, निघतच नव्हता, कारण तो काढणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ वर गेलेला. म्हणजे डेटाबेस अपडेट झाला आणि त्याच्या बॅकअपकडे कुणी पाहिलंच नाही. बॅकअप फसल्याचे ईमेल सुटत होते, पण त्यांवर लागणारी सही नसल्यामुळे ते नाकारले जात होते. वाचवलं ते केवळ योगायोगानं: एका अभियंत्यानं सहा तास आधी, दुसऱ्याच कामासाठी, हातानं एक प्रत काढून ठेवली होती. सहा तासांचा डेटा गेला आणि साइट अठराएक तास बंद राहिली. गिटलॅबनं सगळं उघड मांडलं, दुरुस्तीचं काम लोकांना थेट दाखवलं, अभियंत्याला बळी दिलं नाही. हे मला फार मोलाचं वाटतं.

आता आपलं. सीएचं ऑफिस, छापखाना, लग्नाचे फोटो काढणारा स्टुडिओ, डॉक्टरांचं क्लिनिक. कोपऱ्यात एक नॅसचा, म्हणजे नेटवर्कवरून फाइली साठवणारा, डबा असतो, हिरवा दिवा लागलेला असतो. ‘सर, बॅकअप चालू आहे ना?’ ‘हो, चालूच असतो.’ हिरव्या दिव्यानं एवढंच कळतं, की डबा चालू आहे. आतली प्रत उघडते का, ते उघडल्याशिवाय कळत नाही. मग एके दिवशी पडद्यावर अपडेटची सूचना येते आणि कुणीतरी दुपारच्या गर्दीत बटण दाबतं.

काही बटणांना परतीचा रस्ता नसतो. ट्रूनॅससारख्या डब्यात झेडएफएस नावाची फाइल सिस्टिम असते. तिथं सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीवर परत नेता येतं, पण डिस्कांचा पूल एकदा ‘अपग्रेड’ केला, की जुनी आवृत्ती तो उघडायला नकार देऊ शकते. त्यामुळे नवी आवृत्ती काही आठवडे नीट चालू द्या, मगच त्या बटणाला हात लावा. फाइल सिस्टिम बदलायची असेल, तर बहुतेक वेळा आधीचं सगळं पुसून नव्यानं मांडावं लागतं. मोठ्या डिस्का एकेक करून घालताना प्रत्येक वेळी उरलेल्या डिस्कांवरून डेटा वाचून घ्यावा लागतो, आणि एखादी जुनी डिस्क नेमकी तेव्हाच मान टाकते.

म्हणून एएमसीवाला पुढच्या वेळी अपडेट करायला आला, की आधी त्याच्याकडून सेटिंगची फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून घ्या. मग तीन महिन्यांपूर्वीची कुठलीही एक फाइल नाव घेऊन मागा. ती त्यानं बॅकअपमधून, रिकाम्या फोल्डरमध्ये, तुमच्यासमोर परत आणायची आणि उघडून दाखवायची. वेळ लागेल म्हणाला तर चहा पाजा आणि बसवून ठेवा. फाइल नाही उघडली, तर त्या दिवशी अपडेट नाही. आधी बॅकअप दुरुस्त करायचा.