हेल्मेटचा पट्टा आणि दोन मिनिटं

त्रिफळा उडाला, झेल गेला, तर निदान चेंडूला तरी दोष देता येतो. श्रीलंकेच्या अँजेलो मॅथ्यूजला तीही सोय नव्हती. ६ नोव्हेंबर २०२३, दिल्ली, विश्वचषक, समोर बांगलादेश. गडी मैदानात आला, हेल्मेट आवळायला गेला आणि पट्टाच तुटून हातात आला. दुसरं हेल्मेट येईपर्यंत बांगलादेशचा कर्णधार शाकिबने अपील ठोकलं. दोन मिनिटांत पहिला चेंडू खेळायला तयार नाही, सबब बाद! आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधला हा पहिलाच ‘टाइम्ड आउट’, आणि तो कुठे? तर ‘दोन मिनिटं बसा, साहेब येतीलच’ म्हणून माणसाला दुपारपर्यंत बसवून ठेवणाऱ्या देशात. पुढे मॅथ्यूजनेच शाकिबची विकेट काढली आणि मनगटाकडे बोट करून वेळ दाखवली. (घड्याळ नव्हतं, पण मुद्दा पोचला.)

आमच्या वाड्यात कायदे सुटसुटीत होते. चेंडू काकूंच्या तुळशीत गेला की बाद, वर चेंडू जप्त. पायचीत नाहीच, कारण अंपायर बॅटिंगवाल्यांचाच. आणि ज्याची बॅट तो बाद झाला, की तो बॅट घेऊन घरी. म्हणजे बाविसाव्या मिनिटाला दोन्ही संघ एकदम बाद. एमसीसीच्या नियमांच्या पुस्तकात हा प्रकार अजून आलेला नाही.