फॉरमॅट मारण्याआधी

उमरग्यात टंचाई पाण्याची असते, आवाजाची नाही. पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्ग गावाला चाटून जातो आणि त्यावरच्या ट्रकवाल्याला हॉर्न वाजवायला समोर कुणी असावंच लागतं असं नाही. कर्नाटकची हद्द जवळ असल्यामुळे बाजारातली घासाघीस मराठी, कन्नड आणि दखनी अशा तीन भाषांत चालते, आणि चढा आवाज हा तिन्ही भाषांतला सर्वमान्य युक्तिवाद आहे. लग्नसराई, गणपती आणि निवडणूक यांतलं काहीच चालू नसेल तर कुणाचा तरी वाढदिवस असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवायला सांगितलं. हे नियम तालुक्यात चोवीस तास, कुणाची वर्गणी न मागता आणि पोलिसांना न बोलावता पाळणारी एकच वस्तू मला ठाऊक आहे: नुकतंच लिनक्स टाकलेला डेस्कटॉप. त्यावर गाणं लावलं की गाणं सुरू होतं, सेकंद पुढे सरकतात, पडद्यावरची हिरवी पट्टी तालावर नाचते आणि खोलीत पंख्याचा आवाज येत राहतो. मग ‘साउंड कार्ड गेलं’ असं निदान होतं, आणि त्यावर तालुक्यातला सार्वत्रिक उपचार ठरलेला असतो: ‘फॉरमॅट मारू.’ माझं म्हणणं एवढंच आहे की या निदानाला पुरावा नसतो. दहातल्या बहुतेक वेळा लिनक्सवरचा आवाज गेलेला नसतो. तो नीट तयार झालेला असतो, पुढेही पाठवलेला असतो. फक्त जिथे कुणी ऐकत नाही तिथे पोचलेला असतो, नाहीतर वाटेत कुणीतरी नियमानुसार थांबवलेला असतो.

लिनक्स हा पुण्यातल्या रिकाम्या इंजिनिअरांचा शौक आहे, उमरग्यात त्याचं काय काम, असं कुणी विचारील. ई-कोर्ट प्रकल्पात देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबुंटू हे लिनक्सचंच एक रूप निवडलं गेलं आणि न्यायाधीशांपासून कर्मचाऱ्यांपर्यंत त्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. म्हणजे जिथे कोर्ट तिथे लिनक्स, आणि उमरग्यात कोर्ट आहे. निकालपत्र टाइप करायला आवाज लागत नसल्यामुळे हा विषय बराच काळ कुणाच्या पटलावर आला नाही. ६ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविडच्या काळात व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर सुनावणी घेण्याचे निर्देश दिले आणि देशभरच्या वकीलवर्गाला एक नवा कायदेशीर सिद्धांत कळला: बाजू कितीही भक्कम असो, माइक बंद असेल तर ती मांडलीच गेली नाही. लिनक्स यायचा दुसरा रस्ता अधिक रुंद आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला, आणि ज्या जुन्या मशिनी विंडोज ११ च्या पात्रतेत बसत नाहीत त्या चालू असूनही बाद ठरल्या. चालू वस्तू भंगारात द्यायची मराठवाड्यात पद्धत नाही. अशा मशिनीवर लिनक्स चढतं, मशीन पळायला लागते, आणि दुसऱ्या दिवशी घरातलं पोरगं विचारतं, ‘आवाज कुठंय?’

हा ‘कुठंय’ मला फार नेमका प्रश्न वाटतो, आणि तो सोडवायला उमरग्याच्या माणसाला वेगळं शिक्षण लागू नये. नळाला पाणी का आलं नाही हे शोधायचा त्याला पिढीजात अनुभव आहे. नळ कोरडा दिसला म्हणून तो लगेच धरण आटलं असं जाहीर करत नाही. टाकी भरली होती का, लाइट होती का, आपल्या गल्लीचा व्हॉल्व्ह सोडला का, आणि सोडला असेल तर वरच्या अंगाला कुणी मोटर लावून ओढतंय का, अशी त्याची चौकशी क्रमाने चालते. हाच माणूस कॉम्प्युटरसमोर बसला की एकदम धरणच खणून काढायला का निघतो, हे कोडं आहे. कारण इथली रचना तीच आहे. ब्राउझर किंवा प्लेअर आवाज सोडतो तो पाइपवायर नावाच्या मधल्या यंत्रणेत. जुन्या लिनक्सवर तिथे पल्सऑडिओ असतो. तिथून तो लिनक्सच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नेलमधल्या अल्साकडे, अल्साकडून ड्रायव्हरमार्फत मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, चिपमधून मागच्या भोकात, भोकातून वायरने स्पीकरला. प्रत्येक टप्प्यावर एक व्हॉल्व्ह आहे आणि प्रत्येक व्हॉल्व्हवर बसलेला आपल्यापुरता प्रामाणिक आहे. त्याला विचारलं तर तो सांगतो, ‘माझ्याकडून पुढे सोडलंय.’ तो खोटं बोलत नाही. नाचणारी हिरवी पट्टी म्हणजे त्याचीच सही आहे: इथवर आलं होतं. सगळ्या वाटेची जबाबदारी कुणाचीच नसते, आणि म्हणून कुठलाही बिघाड नसताना पूर्ण शांतता निर्माण करता येते.

इतके व्हॉल्व्ह बसवले कुणी, याचा इतिहास थोडा बघावा लागतो, कारण त्यात दोष कुणाचाच सापडत नाही. लायनस टोरव्हाल्ड्सने १९९१ साली लिनक्स सुरू केलं, आणि पुढे या नावाचा उच्चार कसा करायचा हे स्वतःच्या आवाजात सांगणारी एक छोटी फाइलही रेकॉर्ड केली. लोक ती साउंड कार्ड तपासायला वापरत. म्हणजे ज्याचा आवाज बंद त्याला आपण काय बंद पडलंय याचं नावही धड घेता येत नसे. सुरुवातीला हन्नू साव्होलाइनेन या फिनलंडच्या गृहस्थाची ओएसएस ही व्यवस्था होती. १९९८ मध्ये यारोस्लाव कीसेलाने अल्सा लिहायला घेतली आणि डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नेलमध्ये तिला मुख्य जागा मिळाली. तोवर केडीई आणि ग्नोम या दोन पडद्यांनी आपापले आवाज-कारभारी नेमले होते, आणि कार्ड एकच असल्याने ज्याने आधी धरलं त्याचं वाजायचं, दुसरा गप्प. हे भांडण मिटवायला लेनार्ट पोएटरिंगचा पल्सऑडिओ आला. फेडोरा या लिनक्सच्या आणखी एका रूपाने तो २००७ मध्ये आणि उबुंटूने एप्रिल २००८ मध्ये सर्वांना लागू केला, आणि ज्यांचा आवाज ठीक होता अशांचाही गेला. मग विम टायमन्सचा पाइपवायर आला, २०२१ मध्ये फेडोरात आणि २०२२ च्या ऑक्टोबरात उबुंटूत. यातला प्रत्येकजण आधीच्यांचा गोंधळ निस्तरायला आला हे खरं. पण लिनक्सच्या जगात नवा आल्याने जुना निवृत्त होत नाही. जुने प्रोग्राम जुन्याच नावाने हाक मारतात, म्हणून पाइपवायरला आजही पल्सऑडिओ असल्याची बतावणी करावी लागते, आणि अल्साला ओएसएसचा आवाज काढता येतो.

आता अडण्याच्या ठरलेल्या जागा. पहिला मान मॉनिटरचा. एचडीएमआय वायरमधून चित्राबरोबर आवाजही जातो, आणि कॉम्प्युटरला मॉनिटर जोडलेला दिसला की पुष्कळदा आवाज तिकडेच वळवला जातो. मॉनिटर आवाज घेतो, कारण ते काम आपल्याला जमतं असं त्याने कळवलेलं असतं. त्याच्या पोटात स्पीकर नाही ही गोष्ट त्याला महत्त्वाची वाटत नाही. सेटिंगमध्ये आउटपुट बदललं की प्रश्न संपतो. यादीत नुसतं ‘डमी आउटपुट’ दिसलं तर मात्र प्रकरण खालचं आहे: यंत्रणेला कार्डच सापडलेलं नाही, आणि अर्ज अवैध ठरू नये म्हणून तिने डमी उमेदवार उभा केला आहे. दुसरी जागा अल्सामिक्सर. टर्मिनलमध्ये हे नाव टाइप केलं की उभे खांब दिसतात आणि काहींच्या पायथ्याशी इंग्रजी ‘एम एम’ अशी अक्षरं असतात. याचा अर्थ तोंड बंद. खांब शंभरापर्यंत चढवला तरी ‘एम एम’ आहे तोवर काही ऐकू येणार नाही; त्यासाठी एम हेच बटण दाबावं लागतं. मास्टर, पीसीएम, फ्रंट, हेडफोन असे सगळे खांब पाहावे लागतात, कारण आवाजाचं बटण एकच असावं ही अपेक्षा लिनक्सच्या संस्कृतीत थोडी उर्मट मानली जाते. शेजारीच ‘ऑटो-म्यूट’ नावाची सोय असते: हेडफोन लावला की स्पीकर आपोआप गप्प. पुढच्या बाजूचं भोक धुळीने किंवा वयाने सैल झालं की मशिनीला कायमचा हेडफोन लावल्याचा भास होतो. आणि तिसरी जागा टेबलामागच्या अंधारात. हिरवं भोक स्पीकरचं, गुलाबी माइकचं. छोट्या स्पीकरांना वीज यूएसबीतून मिळते आणि आवाज वेगळ्या वायरने. यूएसबी खोचली की लाल दिवा लागतो, दिवा लागला की माणसाचं समाधान होतं, आणि दुसरी वायर टेबलाखाली लोंबकळत राहते. स्पीकरवरचं गोल बटण सगळ्यात शेवटी आठवतं, कारण ते बघायला पासवर्ड लागत नाही.

यावर कॉम्प्युटरचा दुकानदार हसून म्हणतो, ‘फॉरमॅट मारल्यावर येतो ना आवाज?’ येतो, बऱ्याचदा येतो. पण त्यातून सिद्ध काय होतं? पुन्हा इन्स्टॉल करताना मिक्सरच्या सगळ्या खुणा मूळ जागी जातात, आउटपुटची निवड नव्याने होते, आणि त्या खटपटीत कुणीतरी टेबलामागे हात घालून वायरी काढून लावतो. म्हणजे आवाज येतो तो व्हॉल्व्ह फिरल्यामुळे; त्यासोबत लग्नाचे फोटो, शेताच्या उताऱ्याच्या पीडीएफ आणि पोरीचा प्रोजेक्ट गेला, ती दक्षिणा. साउंड कार्ड खरोखर मेलं असतं तर दहा वेळा फॉरमॅट मारूनही आवाज आला नसता, तेव्हा दुकानदाराचा पुरावा माझ्या बाजूने साक्ष देतो. दुहेरी बूटवाल्या मशिनीचंही तसंच. विंडोजमधून थेट लिनक्समध्ये ‘रिस्टार्ट’ केलं तर विंडोजने चिपला ज्या अवस्थेत ठेवलं त्याच अवस्थेत ती कधीकधी लिनक्सच्या हाती येते आणि गप्प बसते. पूर्ण बंद करून, पिन काढून, चहा पिऊन पुन्हा लावलं की बोलते. यात चहाचा वाटा काहीच नसतो, पण श्रेय त्यालाच मिळतं.

अधिक वजनदार आक्षेप दुसरा आहे: विंडोजवर हे होत नाही. एक तर होतं. एचडीएमआयची खोडी तिथेही तीच आहे. पण कमी होतं हे मान्य करायला हवं, आणि त्याचं कारण सद्गुणात नाही, पगारात आहे. इंटेलने २००४ साली हाय डेफिनिशन ऑडिओचं मानक आणलं, त्यात चिप सारखी असली तरी तिच्या कुठल्या पायाला कुठलं भोक जोडायचं हे मदरबोर्ड बनवणाऱ्याने ठरवायचं. तो ते मनाला येईल तसं ठरवतो आणि विंडोजसाठी ड्रायव्हर लिहून सोबत देतो. लिनक्सवाल्यांना ते बाहेरून हुडकावं लागतं. कर्नेलमधली रिअलटेक या कंपनीच्या आवाजाच्या चिपांची सांकेतिक लिखापढी उघडून पाहावी: हजारो ओळी, आणि त्यात शेकडो नोंदी अशा की अमुक कंपनीच्या तमुक मॉडेलचं हेडफोनचं भोक वेगळ्या पायावर आहे, तमक्याचा माइक उलटा आहे. दुसऱ्यांच्या खोड्यांची इतकी चिकाटीने ठेवलेली वही मला गावच्या चावडीवरही कुणाकडे पाहायला मिळणार नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात पटतो: सामान्य माणसाने हे का शिकावं? शिकू नये. त्याला गाणं ऐकायचंय, खांबांच्या पायथ्याची अक्षरं वाचायची नाहीत, आणि तीस वर्षांत इतक्या हुशार माणसांना ‘आवाज मॉनिटरकडे चाललाय आणि मॉनिटरला तोंड नाही’ एवढं एक वाक्य पडद्यावर आणता आलं नाही, याबद्दल त्यांना कुठल्याही न्यायालयात उभं करता येईल. पण सामान्य माणसाला शिकायचं नसलं तरी त्याची वीज त्याला सुटका देत नाही. अल्सामिक्सरमधले बदल मशीन रीतसर बंद होताना जतन होतात. उमरग्यात मशीन रीतसर बंद होईलच याची हमी महावितरणही देणार नाही. संध्याकाळी ऑटो-म्यूट काढलं, रात्री लाइट गेली, सकाळी ते पुन्हा हजर. लोक म्हणतात, ‘आपोआप बिघडतं.’ बिघडत काही नाही. कालची नोंद वहीत चढण्याआधीच वही मिटली. यावर ‘अल्सासीटीएल स्टोअर’ (alsactl store) अशी आज्ञा आहे, ती दिली की नोंद तिथल्या तिथे पक्की होते. इन्व्हर्टरपेक्षा बरीच स्वस्त.

आणि समजा सगळे व्हॉल्व्ह तपासून झाले, कुठेही ‘एम एम’ नाही, वायर हिरव्यातच आहे, स्पीकर मोबाइलला जोडला तर व्यवस्थित वाजतो, आणि तरीही मशीन मुकी. मग दुकानदाराचं निदान त्या एका वेळेपुरतं खरं मानायला माझी हरकत नाही. उपाय तरीही फॉरमॅट नव्हे. दोन-तीनशे रुपयांत यूएसबीचं छोटं साउंड कार्ड मिळतं, आणि यूएसबी आवाजाचं मानक ठरलेलं असल्यामुळे लिनक्स त्याला ड्रायव्हर मागत नाही; खोचलं की ओळखतं. फक्त आता मशिनीत तीन कार्डं झाली: मेलेलं मदरबोर्डचं, मॉनिटरचं आणि हे नवं. तेव्हा नवं कार्ड खोचूनही गाणं ऐकू आलं नाही तर दुकानात परत करायला धावू नये. सेटिंग उघडून पाहावं. लिनक्सने मोठ्या निष्ठेने आवाज अजून मॉनिटरलाच पाठवणं चालू ठेवलेलं असेल.