ग्राहकाचं तोंड, आमचे शब्द

केस स्टडी म्हणजे ग्राहकाची यशोगाथा, जी ग्राहक सोडून बाकी सगळे मिळून लिहितात. मार्च जवळ आला की हिंजवडी-बाणेर पट्ट्यातल्या सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांना आपल्या जुन्या गिऱ्हाइकांची एकाएकी आठवण येऊ लागते ती यासाठीच. एरवी ज्याचा फोन तीन विभागांत फिरून शेवटी आपोआप कट होतो, त्याला अचानक ‘सर, कसे आहात?’ असं विचारलं जातं. शहाणं गिऱ्हाईक लगेच सावध होतं.

साचा ठरलेला. आधी अंधार, मग आमचं सॉफ्टवेअर, मग उजेड. मार्केटिंगवाल्यांना वाटतं, ही विद्या अमेरिकेतून आली. ज्यानं लहानपणी शिऱ्याच्या पातेल्यावर डोळा ठेवून सत्यनारायणाची पोथी ऐकली आहे, त्याला हे पटायचं नाही. मोळीविक्या हा छोटा ग्राहक, उल्कामुख राजा हा मोठा खातेदार आणि साधुवाणी मधल्या बाजारपेठेतला. मूल झालं की पूजा घालीन म्हणाला. मुलगी झाली, तर आता तिच्या लग्नात घालू म्हणाला. उधारी वसूल करणाऱ्या कुणालाही हा वाणी घरचा वाटेल. पण पोथी लिहिणारा जास्त सरळ माणूस होता. त्यानं वाण्याचा तुरुंगवास लपवला नाही, नावेतल्या धनाचा पालापाचोळा झाला तोही सांगितला आणि प्रसाद टाकून धावत सुटलेली कलावतीही दाखवली. आजच्या केस स्टडीत कुणाची नाव बुडत नाही. एकाही गिऱ्हाइकाला एकदाही पश्चात्ताप होत नाही.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते बघा. भोसरी एमआयडीसीतले एक कारखानदार आहेत असं धरू. त्यांना फोन करते ती कंटेंट लिहिणारी मुलगी. तिनं कारखाना आतून कधी पाहिलेला नाही, सॉफ्टवेअरही पाहिलेलं नाही. तिच्या हातात फक्त प्रश्नांचा कागद.

‘सर, आमचं सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी तुम्हाला मुख्य त्रास काय होता?’

‘तुमचा सेल्सवाला. दिवसाआड फोन करायचा.’

‘आणि घेतल्यानंतर काय फरक पडला?’

‘त्याचे फोन बंद झाले. आता मी करतो. उचलत नाही कुणी.’

‘एकंदरीत समाधानी आहात ना, सर?’

‘चालतंय.’

‘चालतंय’ ही मराठी गिऱ्हाइकाच्या कौतुकाची कमाल मर्यादा. याच्या वर तो फक्त स्वतःच्या नातवाच्या बाबतीत जातो. पण मार्केटिंगच्या प्रमुखाला हे कोण सांगणार? संध्याकाळपर्यंत मजकूर तयार होतो: ‘संवादातील अडथळे दूर झाले असून, या प्लॅटफॉर्ममुळे आमच्या डिजिटल प्रवासाला नवी दिशा मिळाली आहे.’ खाली अवतरणचिन्हांत कारखानदारांचं नाव. मग हे त्यांचं मत मंजुरीसाठी त्यांनाच पाठवलं जातं. ते चष्मा शोधतात, तो सापडत नाही, मुलाला विचारतात, ‘यात पैसे द्यायचं काही लिहिलंय का?’ नाही म्हटल्यावर ‘ओके’ टाकतात. शिवाय पुढच्या रिन्यूअलवर १० टक्के सूट कबूल झालेली असते. मत मोकळं व्हायला तेवढं पुरतं.

आता आकडे. आकड्याशिवाय केस स्टडी म्हणजे हळद न लावलेला नवरदेव. कारखानदार सहज बोलून जातात की मालाची मोजणी करायला पूर्वी तीन दिवस लागायचे, आता एक लागतो. झालं! ‘वेळेत ६७ टक्के बचत.’ मधल्या काळात दोन गोदामं भाड्यानं देऊन टाकली आणि मोजायला मालच उरला नाही, हे त्यांनी पुढच्याच वाक्यात सांगितलेलं असतं. पण प्रश्नांच्या कागदावर त्याला जागा नसते. गेल्या वर्षी दोन बिलं चुकली, यंदा एक चुकलं, तर चुका निम्म्यावर. टक्का हा फार सोशिक प्राणी. कशाचा, किती वेळात, कोणी मोजला, हे त्याला कुणी विचारत नाही आणि तो स्वतःहून बोलत नाही.

यानंतर मजकूर ग्राहकाच्या वकिलाकडे जातो. तो कंपनीचं नाव काढतो, गावाचं काढतो, उलाढाल काढतो. उरते ‘पश्चिम भारतातील एक आघाडीची उत्पादक कंपनी’. फोटोला कारखानदारांची ना नाही, पण मशीनवर लिंबू-मिरची लटकलेली दिसते म्हणून डिझायनर तो नाकारतो आणि विकतचा फोटो लावतो. भोसरीच्या त्या शेडमध्ये मग पिवळं हेल्मेट घातलेला, निळ्या डोळ्यांचा, हातात टॅब धरून हसणारा इंजिनीअर उभा राहतो. शेडमधला एकही कामगार त्याला ओळखत नाही, आणि इतकं हसण्यासारखं काय घडलं हेही कुणाला कळत नाही.

ही सगळी मंडळी हार्वर्डचं नाव मोठ्या आदरानं घेतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलची पहिली केस १९२१ सालची, एका बूट कंपनीवरची. तिथली केस अडचण मांडते आणि उत्तर न देता थांबते. डोकं विद्यार्थ्यांनी खाजवायचं. शिवाय ही कुणाची भलामण नव्हे, कारभार चांगला की वाईट याचा दाखलाही नव्हे, असं केसवर छापलेलं असतं. आमच्या मार्केटिंगवाल्यांनी यातून अडचण वगळली, इशारा वगळला आणि ‘केस स्टडी’ हे नाव तेवढं उचललं.

आपल्या डबेवाल्यांना विचारा. १९९८ साली ‘फोर्ब्स’मध्ये त्यांच्यावर लेख आला आणि हळूहळू ‘सिक्स सिग्मा प्रमाणपत्र’ त्यांना चिकटलं. सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाखांत जेमतेम साडेतीन चुका. असं प्रमाणपत्र कुणी दिलेलंच नव्हतं. लेख लिहिणाऱ्या पत्रकारानं नंतर सांगितलं की हा शब्दसुद्धा आपण वापरला नव्हता. पण स्लाइडवर एकदा चढलेला आकडा उतरत नाही. २०१० मध्ये हार्वर्डनंही त्यांच्यावर केस केली. रंगाच्या खुणा, लोकल आणि पाठांतर यांवर चालणाऱ्या या माणसांचा दाखला देऊन किती लोकांनी किती महागडी सॉफ्टवेअरं विकली असतील! २०२० मध्ये टाळेबंदीत ऑफिसं बंद झाली, डबे थांबले, बरेच जण मावळ-मुळशी-जुन्नरकडच्या आपल्या गावी परतले. सभागृहांतल्या स्लाइडवर मात्र डबा अजून १९९८ च्याच वेळेत पोचतो.

कायद्याला हे सुचलं नाही असं नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. शिफारस करणाऱ्याचं मत खरं हवं आणि बऱ्यापैकी ताजंही हवं, असं ती म्हणतात. ‘ताजं’ ही अट घालणाऱ्याला या धंद्याची चांगलीच माहिती असावी. कारण आमच्या कारखानदारांनी ते सॉफ्टवेअर दिवाळीतच बंद केलं. पुतण्यानं एक्सेलची शीट करून दिली, ती चालतेय. पीडीएफ मात्र वेबसाइटवर तशीच आहे, नवी दिशा मिळालेल्या अवस्थेत.

तीच वाचून परवा चाकणच्या एका उद्योजकानं त्यांना शोधून काढलं. ‘आघाडीची कंपनी’ कोण हे आपल्याकडे चहाच्या टपरीवर कळतं. सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी खात्री करून घ्यावी म्हणून त्यानं फोन लावला.

‘काका, खरं सांगा, कसं आहे?’

‘मला काय विचारतोस बाबा,’ कारखानदार म्हणाले, ‘माझं मत त्यांच्याकडे आहे.’