थर्मोस्टॅट ‘डायरेक्ट’ कसा करावा : होतकरू गाडीमालकांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

गाडी घेतली, हप्ते सुरू झाले, पण इंजिनकामाचं बिल अजून हातात पडलं नाही, अशा होतकरू मालकांसाठी ही मार्गदर्शिका आहे. इंजिन बाद करण्याचे मार्ग तसे पुष्कळ. ऑइल न बदलणं किंवा पुराच्या पाण्यात गाडी घालणं हे ढोबळ प्रकार झाले. त्यात दोष कोणाचा ते शेंबड्या पोरालाही कळतं. थर्मोस्टॅटचा मार्ग सभ्य आहे. खर्च नाही, वेळ अर्धा तास, आणि परिणाम दिसेपर्यंत कारण सगळे विसरलेले असतात.

साहित्य

धडधाकट इंजिन असलेली गाडी एक, दहाचा पाना एक, बोअरचं पाणी लागेल तेवढं, आणि ‘साहेब, काही होत नाही’ हे वाक्य ठामपणे म्हणणारा मिस्त्री एक.

पायरी १ : शत्रू ओळखा

रेडिएटर आणि इंजिन यांना जोडणारे दोन जाड रबरी होज पाइप असतात. त्यांपैकी एक जिथे इंजिनाला मिळतो, तिथल्या झाकणाखाली थर्मोस्टॅट बसलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला नुसतं ‘वॉल’ म्हणतात. मधोमध पितळी डबी, तिच्याभोवती स्प्रिंग, वर चकती. बहुतेक साध्या थर्मोस्टॅटला वायर नाही, करंट नाही. डबीत मेण भरलेलं असतं. ते ठरलेल्या तापमानाला वितळून फुगतं, आतल्या दांड्याला रेटतं आणि चकती उघडते. निवलं की स्प्रिंग चकती पुन्हा मिटवते. किती अंशांना उघडायचं तो आकडा अंगावरच कोरलेला असतो; ८२ आणि ८८ हे नेहमी दिसणारे.

गार इंजिन सुरू केलं की हा गृहस्थ रेडिएटरची वाट अडवून बसतो. पंपाने ढकललेलं पाणी इंजिनातल्या इंजिनातच बायपासने फिरतं आणि लवकर तापतं. आकडा गाठला की वाट थोडी उघडते, आणखी दहा-पंधरा अंशांनी पूर्ण. पुढे दिवसभर हाच उद्योग : चढावर जास्त उघड, उतारावर कमी. इतकं काम बिनबोभाट करणारा भाग कोणालाही संशयास्पद वाटणारच.

पायरी २ : मनाची तयारी

‘हे सगळं विलायतेतल्या थंडीसाठी, आपल्याकडे काय गरज?’ हे वाक्य पाठ करावं. पुराव्यादाखल मे महिन्यातलं नागपूर सांगावं. बाहेर ४५ अंश असले तरी इंजिनाला नव्वदच्या आसपास काम करायला आवडतं, म्हणजे विदर्भातला उन्हाळासुद्धा त्याच्या हिशेबी निम्मी थंडीच आहे, हा विचार मनात येऊ देऊ नये.

पायरी ३ : निमित्त शोधा

गाडी हीट घेऊ लागली की सुमुहूर्त आला. रेडिएटर चोक झाला असेल, पंखा फिरत नसेल, वॉटर पंप गेला असेल, पाइप गळत असेल. यांतलं काहीही तपासू नये. तपासलं तर खरा दोष सापडण्याचा धोका असतो. थेट वॉल काढावा, भंगारात टाकावा, झाकण लावावं. याला ‘डायरेक्ट करणं’ म्हणतात. काही गाड्यांत तापमानाचा काटा लगेच खाली येतो आणि मिस्त्रीचा भाव वर जातो. चोक झालेला रेडिएटर मात्र तसाच आत असतो. तो पुढच्या पायऱ्यांसाठी लागणार आहे.

पायरी ४ : फळं चाखा

आता पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन तापायलाच मागत नाही. ज्या छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, त्यांत निळा दिवा बराच वेळ विझत नाही. तो शोभेचा समजावा. सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो की इंजिन अजून गार आहे. कॉम्प्युटर इमानदारीने जादा पेट्रोल सोडत राहतो. अॅव्हरेज पडतं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पातळ होतं, रिंगा झिजतात. जळताना तयार झालेली वाफ गार इंजिनात निवून ऑइलमध्ये उतरते आणि काळा चिकट गाळ साचतो. चेक इंजिनचा दिवा लागून स्कॅनरवर पी०१२८ हा कोड आला, तर समजावं की गाडीने तक्रार केली आहे. त्यावर उपाय सोपा : कोड पुसून टाकावा.

पायरी ५ : बोअरचं पाणी

कूलंट महाग, पाणी फुकट; हिशेब सरळ आहे. या पाण्यातल्या क्षारांचे थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि गंज वॉटर पंपापर्यंत पोचतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घातलं तर ते मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही आणि झाकणाच्या दाबाशिवायही १०७ अंशांपर्यंत उकळत नाही, शिवाय गंज रोखतं. महाबळेश्वरच्या उंचीवर साधं पाणी मात्र शंभराच्या चार-साडेचार अंश आधीच उकळतं. म्हणून साधं पाणी भरून घाटात जाणं ही या मार्गदर्शिकेतली सर्वांत गुणकारी कृती.

पायरी ६ : घाटाची परीक्षा

पाच माणसं, टपावर सामान, एसी चालू, खंबाटकीचा चढ. इथे एक गंमत कळते. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला दुसरी चकती असते. वरची वाट उघडली की ती बायपास बंद करते. वॉल काढला की बायपास सताड उघडा. तापलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरकडे न जाता इंजिनातच चकरा मारतो. गार ठेवण्यासाठी ज्याला काढलं, त्याच्याच अभावी गाडी तापते. अशा वेळी मिस्त्रीला फोन करावा. तो म्हणेल, ‘वॉल तर नाहीच, मग हीट कशी?’ इथे मार्गदर्शिकेचा विनोदी भाग संपतो.

पायरी ७ : ही मात्र खरंच पाळा

लाल दिवा लागला की एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण उघडू नका. झाकण आतलं पाणी दाबाखाली धरून ठेवतं, म्हणून ते शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो, पाणी त्या क्षणी उकळतं आणि तोंडावर येतं. भाजण्याची थट्टा नसते. वरचा पाइप हाताला सोसेल इतकं निवेपर्यंत थांबा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. तसंच पुढे दामटलं तर अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट उडतं, ऑइल दुधाळ होतं आणि सायलेन्सर पांढरा धूर सोडतो. मग हेड उतरवून फेसिंग, गॅस्केट, ऑइल, मजुरी.

नेहमीचे प्रश्न

*‘वॉल काढल्यावर पाणी जोरात पळतं, रेडिएटरमध्ये टिकत नाही, म्हणून गार होत नाही ना?’* ऐकायला छान आहे, पण चूक. पाणी थांबून नव्हे, फिरून उष्णता सोडतं. वेग वाढला की रेडिएटरमधून जास्तच उष्णता जाते. घोटाळा बायपासचा असतो.

*‘वॉल स्वतः कधीच बिघडत नाही का?’* बिघडतो. मेण गळलं तर चकती बंदच राहते. गाडी तापते आणि इंजिन पोळत असताना रेडिएटर खालून गार लागतो. गंज किंवा कचरा अडकला तर ती उघडीच राहते. हायवेवर काटा खाली पडतो. दोन्हींवर औषध एकच : नवा वॉल.

*‘घरी तपासता येतो?’* येतो. पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगा. तळाला टेकू देऊ नका. सोबत थर्मामीटर ठेवा, तापाचा नव्हे, तो ४२ अंशांवर संपतो. कोरलेल्या आकड्याच्या आसपास चकती हलली पाहिजे, आणि बाहेर काढल्यावर मिटली पाहिजे. कूलंट विषारी असतं, तेव्हा ते पातेलं परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

मार्गदर्शिका उलटी वाचणाऱ्यांसाठी

ज्यांना इंजिन टिकवायचं आहे त्यांनी आधी गाडी का तापते ते शोधावं : पंखा, पंप, रेडिएटर, झाकण, गळती. वॉल बदलायचाच तर कंपनीने दिलेल्या आकड्याचा घ्यावा. ‘गारवाला’ म्हणून कमी अंशांचा नको. रबरी रिंग नवी घालावी. चकतीवर हवा निघायची बारीक पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवावी. कूलंट सावकाश भरावं आणि अडकलेली हवा काढून मगच गाडी बाहेर न्यावी.

आणि गॅरेजमध्ये कोणी ‘डायरेक्ट करून टाकू’ म्हणालं, तर एवढंच विचारा : गाडी कशामुळे तापत होती? उत्तर मिळालं नाही, तर किल्ली घ्या आणि गाडी दुसरीकडे दाखवा.