विश्रामबागेतील अष्टपाद भाडेकरू

सांगली आणि मिरज यांच्या मध्ये वसलेल्या विश्रामबागेत परक्या जिवाला घरात ठेवून घेण्याची परंपरा जुनी असून तिचे मूळ तेथील शिक्षणसंस्थांत सापडते. 1919 साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय आणि 1947 साली सुरू होऊन पुढे वालचंद हिराचंद यांचे नाव धारण केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्यामुळे या भागातील अनेक कुटुंबांनी बाहेरगावच्या मुलांना कॉट बेसिसवर खोल्या दिल्या आणि त्या अनुभवातून आदर्श भाडेकरूची एक अलिखित संहिता सिद्ध झाली : आवाज नको, मित्रमंडळी नको, रात्री उशिरा फाटक वाजवणे नको आणि गिझर तर मुळीच चालू ठेवणे नको. टॅरंटुलाच्या गृहप्रवेशाचा विचार याच संहितेच्या कसोटीवर करणे उचित ठरेल.

टॅरंटुला म्हणजे थेराफोसिडी या कुळातील केसाळ व आकाराने मोठे कोळी, जे भक्ष्यासाठी जाळे पसरून बसण्याऐवजी दबा धरून झडप घालतात. हौशी मंडळींच्या विशेष आवडीचा, मेक्सिकोतील तांबड्या गुडघ्यांचा ब्रॅकिपेल्मा हा काचेच्या झाकणबंद पेटीत, नारळाच्या भुशाच्या थरावर, झाकणभर पाण्यात सुखाने नांदतो. आठवड्याला एखादे झुरळ त्याला पुरते आणि मनात आल्यास तो महिनोन् महिने निराहार राहतो, ज्यापुढे श्रावणी सोमवारची साबुदाणा खिचडी हा केवळ उपचार ठरतो. त्याला आठ डोळे असूनही बेताचेच दिसते, त्यामुळे समोरच्या गच्चीकडे टक लावून पाहिल्याची तक्रार येण्याचा संभव नाही. संहितेतील सर्व कलमे पाळणारा असा भाडेकरू विश्रामबागेला शतकभरात लाभलेला नसावा; तरीही पेटी उंबऱ्यापाशी येताच घरातील ज्येष्ठ स्त्री "हे ध्यान पहिल्यांदा बाहेर ने" असे फर्मावते आणि शेजारच्या काकू दारातूनच "चावत नाही ना हो?" अशी पृच्छा करतात.

या पृच्छेचे प्रामाणिक उत्तर "चावतो, पण सहसा नाही" असे असल्याने त्याने कोणाचेही समाधान होत नाही. अमेरिका खंडातील बहुतेक टॅरंटुला चिडल्यावर चावण्याआधी मागच्या पायांनी पोटावरचे बारीक केस झाडतात आणि हे केस कातडीत रुतून खाज सुटते. भारत व श्रीलंकेतच आढळणाऱ्या पोसिलोथेरिया या प्रजातीतील कोळ्यांना असे केस नसतात, मात्र त्यांच्या दंशाने स्नायूंत पेटके येतात. यांपैकीच एका निळ्याशार जातीचे वर्णन पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1899 साली आंध्रातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकूडवखारीत मिळालेल्या नमुन्यावरून केले. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साईटिस या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात 2019 साली ही संपूर्ण प्रजाती समाविष्ट झाली, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर परिशिष्टांतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्यास त्याची रीतसर नोंदणी करावी लागते. तात्पर्य, ज्या घरांत विद्यार्थ्याशी भाडेकरार करण्याचा आळस वर्षानुवर्षे टिकून राहिला, तेथेही कोळ्याचे कागदपत्र मात्र चोख ठेवावे लागतात.

खरी अडचण स्वयंपाकघरात उद्भवते. कीटकनाशकाचा अंश पोटात गेलेले झुरळ टॅरंटुलाच्याही जिवावर बेतू शकते, म्हणून ज्या घरात सिंकखाली नेमाने पेस्ट कंट्रोल होत असे, तेथेच आता खात्रीची, निर्विष झुरळे पैसे मोजून आणून डब्यात गाजराच्या सालींवर पोसावी लागतात. याच घरात दिवाळीपूर्वी जळमटे काढताना छतावरचे फुकट काम करणारे कोळी लांब दांड्याच्या झाडूने निकालात काढले जातात, हा विरोधाभास अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनीही नोंदवण्याजोगा आहे.

कात टाकणे, म्हणजे वाढीसाठी शरीराचे जुने कवच उतरवणे, हा या सहवासातील सर्वांत गंभीर प्रसंग होय. त्या वेळी टॅरंटुला पाय वर करून उताणा पडतो आणि तासन् तास जवळजवळ हलत नाही. घरातील आजी तुळशीपत्राची चौकशी करू लागतात आणि एखादा दयाळू पाहुणा त्याला सुलटा करू पाहतो, जे त्याच्या प्राणावर बेतू शकते. मग पाठीवरचे कवच झाकणासारखे उघडते, आठही पाय मोज्यांतून काढावेत तसे हळूहळू बाहेर येतात, नवे दात सुरुवातीला पांढरे व मऊ दिसतात आणि पेटीत दोन कोळी असल्याचा भास होऊन गोंधळ नव्याने सुरू होतो.

तांबड्या गुडघ्यांच्या ब्रॅकिपेल्माची मादी 20 वर्षांहून अधिक जगू शकते, तर नर वयात आल्यावर फार काळ टिकत नाही. म्हणून दहावीतल्या मुलाने हट्टाने आणलेली मादी त्याचे शिक्षण, नोकरी आणि लग्न उरकल्यावरही आईवडिलांच्या पदरी राहते आणि जिने "बाहेर ने" असे फर्मावले होते, तीच पुढे झुरळांच्या डब्यात गाजराच्या साली टाकताना आढळते. टॅरंटुला आपल्या पोशिंद्याला ओळखत नाही, त्याची वाट पाहत नाही आणि खाण्यापुरताच पुढे येतो. परंतु मुलांनी पुण्यात नोकऱ्या धरल्यापासून अशा एकतर्फी मायेचा विश्रामबागेतील घरांना पुरेसा सराव असल्याने ही बाब तेथे दोष म्हणून गणली जात नाही.